पेंटरचा डावा हात

पेंटर म्हणजे कुणी मोठा कलाकार, असं समजू नये. त्याची सगळी कला एका गोदामात, लाकडी खोक्यांवर चालायची. पत्र्यात कापलेला साचा खोक्यावर धरायचा, वरून रंगाचा फवारा मारायचा आणि साचा उचलायचा. खाली नंबर, वजन आणि ‘ही बाजू वर’ उमटलेलं असायचं. चोवीस वर्षं तो हेच करत होता. जुना पत्रा वाकतो, सपाट बसत नाही, म्हणून डाव्या हातानं तो दाबून धरायची त्याला सवय जडली होती. फवारा पत्र्याच्या कडेबाहेरही उडायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक खोक्यावर नंबराशेजारी कडेबाहेर आलेल्या चार बोटांचा आकार कोरा राहून जायचा. मुकादम आधी ओरडायचा. मग ओरडून ओरडून थकला आणि त्या आकाराला ‘पेंटरची सही’ म्हणायला लागला.

चाळिशी उलटल्यावर पेंटरनं लग्न केलं. बायको आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन त्या घरात आली आणि वर्षाच्या आत तिथे गुंड्या जन्मला. तेव्हापासून मुलगी थोरली झाली.

थोरली वाईट वागायची नाही, हीच पेंटरची खरी अडचण होती. भांडली असती, आदळआपट केली असती, तर समजूत तरी काढता आली असती. पण ती त्याला पाणी आणून द्यायची, प्रगतिपुस्तक सहीसाठी समोर ठेवायची, विचारलं तेवढं नीट सांगायची. फक्त दोन वर्षांत तिनं त्याला एकदाही हाक मारली नव्हती. बाबा नाही, काका नाही, सगळं जग म्हणतं तसं पेंटरसुद्धा नाही. काही काम असलं की ती त्याच्या खोलीच्या दारापर्यंत चालत यायची, तो वर बघेपर्यंत उभी राहायची आणि मग बोलायची. पेंटर याबद्दल बायकोकडे अवाक्षर काढायचा नाही. पण पोर अशी दारात उभी दिसली की हातातलं काम टाकून वर बघायचा.

शाळेच्या क्रीडादिनाला प्रत्येकाच्या घरच्यांनी एकसारखे कपडे घालून यावं, अशी चिठ्ठी आली. बायकोनं चार काळे टी-शर्ट आणले आणि त्यांवर काय करायचं ते थोरलीनं सांगितलं. कापडावर पुठ्ठ्याचा आकार ठेवायचा आणि वरून पाणी घातलेलं ब्लीच फवारायचं. आजूबाजूचं कापड विटून तांबूस होतं, पुठ्ठ्याखालचं तेवढं काळं राहतं. हे ऐकून पेंटरची कळी खुलली. गोदामात चोवीस वर्षं घासलेली विद्या पहिल्यांदाच घरात कामाला येणार होती.

आकार कुठला, तर घरातल्यांच्या हाताचे पंजे. थोरलीनं पुठ्ठ्यावर आधी आपला पंजा ठेवून पेन्सिल फिरवली, मग आईचा. गुंड्याचा पंजा उमटवायला त्याला दोघींनी मिळून धरावं लागलं. ते झाल्यावर तिनं पेन्सिल खाली ठेवली. आईनं विचारलं, की एवढेच का?

“तीनच मावतात,” थोरली पुठ्ठ्याकडे बघत म्हणाली.

वीतभर फळीवर बारा आकडी नंबर मावत नाही म्हणणाऱ्या मुकादमाला पेंटरनं तो मावून दाखवला होता. टी-शर्टवर चार पंजे मावतात की नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बायकोनं तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं तिला डोळ्यांनी गप्प केलं, चौथा कोंबला तर उगाच गर्दी होईल म्हणाला आणि कात्री घेतली. मन लावून कापले त्यानं ते तिन्ही पंजे. गुंड्याची शेंगेएवढी करंगळीसुद्धा कुठे तुटू दिली नाही. वाईट वाटलं का त्याला? वाटलं, आणि भरपूर वाटलं. पण रुसायचं वय त्याचं नव्हतं.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात कारखाना सुरू झाला. ब्लीच पाठीपर्यंत झिरपू नये म्हणून प्रत्येक टी-शर्टच्या आत जाड पुठ्ठा सरकवला होता आणि पंजे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर लोखंडी नट ठेवले होते. पेंटरनं रबरी हातमोजे चढवले आणि थोरलीला दोन पावलं मागे उभं केलं. पाच मिनिटं झाली की ओरडायचं, म्हणजे शर्ट लगेच बादलीत, हे काम तिच्याकडे होतं. ती वेळ अशी सांगत होती, की गोदामात असती तर मुकादमाची नोकरी गेली असती. तीन टी-शर्ट झकास उतरले.

चौथा थोरलीचा स्वतःचा. तिनं तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. तोवर पुठ्ठे भिजून मऊ पडले होते. त्यात गुंड्यानं तिच्या पंजावरचा नट पळवून थेट तोंडात घातला आणि आई त्याच्या मागे धावली, थोरलीही तिकडेच बघायला लागली. नेमकी तेव्हाच वाऱ्याची झुळूक आली आणि थोरलीचा पंजा मनगटाकडून उचलला गेला. पेंटरच्या उजव्या हातातला फवारा चालूच होता. डावा हात चोवीस वर्षांच्या सवयीनं आपणहून पुढे गेला आणि पंजा दाबून बसला.

काय झालं ते शर्ट धुऊन दोरीवर टाकल्यावर दिसलं. आईचा पंजा, गुंड्याचा पंजा आणि थोरलीच्या छोट्या पंजाला मनगटाशी धरून ठेवलेला चौथा एक हात. जाड बोटांचा, काळाकुट्ट.

पेंटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा मुद्दाम केलेला आगाऊपणा नाही, हे पोरीला कसं पटायचं? त्यानं वाकलेल्या पत्र्यापासून मुकादमापर्यंत सगळं घडाघडा सांगून टाकलं आणि माफी मागितली. मग म्हणाला, की विटलेलं पुन्हा काळं करता येत नाही, पण काळं केव्हाही विटवता येतं. दोन फवारे मारले की हा हात गायब. त्यानं बाटलीकडे हात नेला.

“आत्ता नको,” थोरली म्हणाली. “केव्हाही उडवता येतो ना? मग बघू.”

पेंटरनं बाटलीवर मोठ्या अक्षरात ब्लीच असं लिहिलं आणि ती न्हाणीघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. वाटेल तेव्हा सांग, मी काढून देतो, असं त्यानं थोरलीला बजावलं. क्रीडादिनाला आठवडा होता. त्या आठवड्यात तो रोज आंघोळीला गेला की आधी बाटलीकडे बघायचा. ब्लीच होतं तेवढंच असायचं. आपण काय वेडेपणा करतोय, हे त्याला कळत होतं, पण बघितल्याशिवाय अंगावर पाणी घेववत नव्हतं.

क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी तो कामावरून आला, तेव्हा फळीवर बाटली नव्हती. ती अंगणातल्या धुण्याच्या दगडावर, झाकण काढून, उन्हात उपडी घातलेली होती. आत थेंबही नव्हता. शेवटी हात उडवलाच पोरीनं, असं मनाशी म्हणत पेंटर घरात आला आणि इस्त्री करून ठेवलेल्या चार टी-शर्टांमधला थोरलीचा काढून त्यानं उलगडला.

हात होता तिथेच होता.

बायकोला विचारलं, तर तिनं बाटलीला हातही लावला नव्हता. मग तो थोरलीच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. ती लिहीत बसली होती. ती वर बघेपर्यंत तो उभा राहिला आणि मग त्यानं बाटलीचं विचारलं.

“मीच ओतून टाकलं सगळं,” ती म्हणाली. “गुंड्या आता स्टुलावर चढायला लागलाय. घरात कशाला ठेवायचं ते?”

“अगं, पण तुला ते लागलं असतं तर?”

“मला कशाला लागेल?” थोरली म्हणाली आणि तिनं परत वहीत डोकं घातलं.