एका बोटाची ओळख

पोलिसांच्या ठसे विभागात तिला सगळे घार म्हणत. नजरच तशी होती तिची. नाव आता तिच्याही अंगवळणी पडलं होतं.

कारखान्याच्या आगीतून बाहेर काढलेला एक माणूस इस्पितळात बेशुद्ध पडला होता. चेहरा पट्ट्यांत, खिशात काही नाही. बोटांपैकी एका तर्जनीचीच कातडी तेवढी शाबूत. तिचा ठसा संगणकात घातला आणि हातातला चहा संपेपर्यंत यंत्रानं लाखो ठसे चाळून जुळणाऱ्यांची यादी पुढ्यात ठेवली.

"पहिलाच असणार," संगणक सांभाळणारा इंजिनिअर म्हणाला. "जुळणीचे गुण बघा ना! कळवू का त्याच्या घरी?"

"थांब रे बाबा. भलत्याच घरात रडारड नको."

घारीनं दोन्ही ठसे पडद्यावर शेजारी शेजारी लावले. भोवरा तसाच, वळणं तशीच; पण एक रेघ इथे फुटत होती, तिथे सरळ जात होती. नाही. दुसरा नाही, तिसराही नाही. दुपार कलली, डोळे चुरचुरायला लागले. यादीच्या अगदी तळाशी मात्र ती थबकली. आगीनं कातडी आकसली होती, त्यामुळे अंतरं बदललेली. पण रेघांचा क्रम जिथल्या तिथे. प्रत्येक फाटा, प्रत्येक टोक, मधला इवलासा ठिपकासुद्धा.

स्वतःचं मत न सांगता तिनं ते ठसे पलीकडच्या खोलीतल्या ज्येष्ठ तज्ज्ञांकडे दिले. बऱ्याच वेळानं ते दारात आले.

"हाच. शंकाच नको."

"आणि यंत्रानं याला शेवटी टाकलं होतं!" इंजिनिअर ओशाळला.

"अरे, पण लाखांतून हुडकून आणला कुणी? मला सात जन्म पुरले नसते," घार म्हणाली.

भांडून घर सोडलेला तो मुलगा. कामाच्या परवान्यासाठी कधीकाळी दिलेला ठसा तेवढा नोंदीत राहिला होता. निरोप मिळताच त्याची आई धावत आली. तो शुद्धीवर आल्यावर ती इस्पितळातून थेट ठसे विभागात पोचली.

"बोलला हो! 'आई' म्हणाला," ती घारीचा हात धरून म्हणाली. "पण त्या पट्ट्यांत मलाच ओळखू येईना. तुम्ही कसं ओळखलंत?"

घारीनं पडदा तिच्याकडे वळवला. "या रेघा त्याच्या जन्माआधीच्या आहेत, काकू. तुमच्या पोटात असतानाच उमटलेल्या. तेव्हापासून तशाच आहेत."

"माझ्या पोटात?" ती खुर्चीतून उठली. पडद्यावरच्या भोवऱ्यावरून तिचं बोट हळूहळू फिरत राहिलं. "एवढं बारीक काम चाललं होतं, आणि मला पत्ताच नाही!"

घारीचा सारा जन्म याच कामात गेलेला, तरी तीही उठली. ती काकूंच्या शेजारी उभी राहून नुसती बघत राहिली.