यांचा नवा विषय

शास्त्राचं एकही दालन यांनी सोडलं नाही, असं यांचे सहकारी म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! पाण्याच्या दाबावर पदवी घेतलेला माणूस, पण बैठकीतल्या कपाटात यांचे छापून आलेले निबंध बघा: तान्ह्या मुलांचा श्वास, म्हातारपणीचे कान, पुलाचे खांब. सत्कारात कोणीतरी यांना ‘चौफेर’ म्हटलं. मी पहिल्या रांगेत बसून हसू दाबत होते.

चौफेर कसले, भित्रे! लेक अपुऱ्या दिवसांची जन्मली, झोपेत मध्येच तिचा श्वास थांबायचा, तेव्हा हे पाळण्यापाशी बसून श्वासावर लिहायला लागले. सासूबाईंना ऐकू येईना, तेव्हा कान. लेक नदीपलीकडच्या शाळेत शिकवायला लागली आणि पूर आला, तेव्हा खांब. काळजी बोलून दाखवायची हिंमत नाही. ती आकड्यांत कोंबायची आणि छापून आली की हुश्श करायचं. घरात कोणाला काय होतंय हे मला डॉक्टरांच्या आधी यांच्या टेबलावरच्या पुस्तकांवरून कळायचं.

म्हणून मागच्या महिन्यात तिथे माणसाच्या चालण्यावरची पुस्तकं दिसली आणि मी एकेक उघडून पाहिलं. स्नायू, मज्जातंतू, तोल.

“हे कशासाठी?” मी विचारलं.

“सहज,” म्हणाले. हा माणूस चहासुद्धा सहज पीत नाही.

यांच्या पायांना काहीतरी झालंय आणि हे लपवताहेत, याबद्दल मला शंका उरली नाही. मी पाळत ठेवली. हे जिना उतरायला लागले की मी खाली उभी. बैठकीतली सतरंजी गुंडाळून पलंगाखाली ढकलली. यांची चाल मात्र ताठच्या ताठ, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. इतकं सोंग आणायचं म्हणजे दुखणं केवढं असेल?

त्यात चपलांचं लचांड. मला घरात घालायला नवी जोडी आणली, तर डावीचा पुढचा तळ झिजून गेला आणि उजवी कोरी करकरीत. दुकानदाराशी भांडून बदलून आणली, तर तिचीही तीच गत. “बाई, दोन्ही एकाच मालाच्या आहेत हो,” तो म्हणाला. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

शेवटी लेकीला फोन केला. “बाबांच्या पायांचं तुला काही बोललेत का गं?”

ती म्हणाली, “आई, तू बाबांनाच विचार ना.” आणि तिने घाईने फोन ठेवून दिला.

तशीच चहाचा कप घेऊन यांच्या खोलीत गेले. हे डोळे मिटून बसले होते.

“अहो, एकदाचं सांगून टाका. कुठल्या पायात आहे?”

“डाव्या.”

मी खुर्चीत बसले. “कधीपासून?”

“थंडी सुरू झाल्यापासून. आधी वाटलं, जोडी नवीन आहे म्हणून असेल.”

“कसली जोडी?”

यांनी डोळे उघडले आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

“तू स्वयंपाकघरातून येतेस ना, ते मला इथे ऐकू येतं,” हे हळू म्हणाले. “उजवं पाऊल पडतं. डावं घासत येतं.”

“लेकीला सांगितलंत, आणि मला नाही?” माझा राग उसळून वर आला. “माझा पाय आहे तो!”

“वाटलं, निबंध पुरा होईपर्यंत काहीच नाही असं निघेल.”

“मग निघालं का?”

यांनी समोरचे कागद पालथे घातले. “मला पुढे लिहवत नाही गं.”

“उद्या डॉक्टरांकडे जायचं,” मी म्हटलं. “आणि तुम्ही बरोबर यायचं. तिथे काही सांगत बसू नका, मी सांगेन.”

चहाला कोणी हात लावला नव्हता. गरम करून आणते म्हणून मी कप उचलला आणि मुद्दाम ताठ मानेने, पाय उचलून उचलून टाकत निघाले. हे मागून बघत होते. अर्ध्या वाटेवर मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला.