चढावर चाकाखाली

मित्रांनो, मला ओळखलंत का? चढावर उभ्या केलेल्या ट्रकच्या चाकाखाली लावतात ना, तसा मी एक जुना लाकडी ठोकळा. पाडलेल्या घराच्या चौकटीतून सुताराने मला तिरका कापला आणि एका ट्रकचालकाच्या हवाली केला. त्याच्या गाडीचा हातब्रेक अगदी बेभरवशाचा होता. म्हणून चढावर थांबलो की तो आधी मला चाकाला लावी, मग दुसरे काम.

"हा माझा थोरला भाऊ," असे तो कौतुकाने सांगे. सख्ख्या थोरल्या भावाशी मात्र भांडून त्याने घर सोडले होते. सहा वर्षे आम्ही त्याच्या गावाच्या फाट्यावरून जात होतो. तिथे तो नेमका वेग वाढवायचा.

एका दुपारी बंद पडलेल्या बसजवळ त्याने दोन अनोळखी माणसांना गाडीत घेतले. एक शिवणकाम करणारी बाई; तिचे वडील अंथरुणाला खिळले होते. दुसरे एक निवृत्त पहारेकरी, तीस वर्षांनी कायमचे घरी निघालेले.

घाटात इंजिनाखालची नळी सुटली. चालकाने मला मागच्या चाकाला लावले आणि तो गाडीखाली शिरला. मागे उतार, पलीकडे दरी.

"झालं का हो दादा? बाबा वाट बघत असतील."

"झालंच, ताई! एवढी पट्टी आवळतो."

'झालंच' ऐकून पहारेकऱ्यांना वाटले, आता निघायचे. निघायच्या वेळी पडलेली वस्तू उचलून जागेवर ठेवायची, ही पहारेकऱ्यांची तीस वर्षांची सवय. गाडी अजून हातब्रेकने धरली होती, म्हणून मी सहज सुटलो. त्यांनी मला काखेत घेतले, आणि हातब्रेकने दगा दिला. चाक वीतभर मागे सरकले.

"अहो, ठेवा तो! खाली ठेवा!" बाई किंचाळली.

पहारेकरी मला काखेत धरून तसेच उभे राहिले. बाईने मला हिसकावले आणि गुडघे टेकून चाकामागे कोंबले. चाक माझ्यावर चढले. माझा कोपरा कचकन तुटला, पण मी जागा सोडली नाही. गाडी थांबली.

चालक बाहेर आला तेव्हा त्याची एक बाही फाटून पुढच्या चाकाखाली राहिली होती.

"काका, घरी सोडतो म्हटलं तुम्हाला, तर तुम्ही मलाच वर पाठवत होतात!" तो हसला.

"आवरायला गेलो रे, बाळा," म्हणत पहारेकरी रस्त्यातच बसून रडले.

दोघांना त्यांच्या दारापर्यंत पोहोचवल्यावर फाटा आला. या वेळी चालकाने वेग कमी केला. गाडी वळली.

थोरला भाऊ दारातच होता. त्याने धाकट्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग म्हणाला, "बाहीला काय झालं?"

"काही नाही, दादा."

"ये आत."

चाकाला आता नवा ठोकळा आहे; मी दोघा भावांच्या आईच्या पलंगाच्या आखूड पायाखाली असतो. झाडताना कुणीतरी म्हणतेच, "हे तुटकं लाकूड कशाला ठेवलंय?" मित्रांनो, जुनी वस्तू जरूर उचला. फक्त त्याआधी एकदा वाकून बघा, तिच्या भरवशावर कोण आहे ते.