मधला बारीक स्वर

तो हात, छापील, काळा, नखाएवढा, प्रबंधाच्या तक्त्यातल्या दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवीत होता. आणि झेरॉक्सच्या यंत्रातून निघालेल्या प्रत्येक गरम प्रतीवर पुन्हा तसाच उमटत होता. जिंकलेला उच्चार. भाषा विभागाच्या त्या शिपायाला ठाऊक होते, की तो उच्चार त्याचा स्वतःचा आहे... आणि खोटा आहे.

संशोधन करणाऱ्या बाईंनी त्याला, सातवी शिकलेल्याला, बरोबरीच्या माणसासारखे समजावले होते : एका शब्दाचे अनेक उच्चार तोंडाशी येऊन भांडतात, त्यांच्यावर नियमांची रांग असते, मानाच्या क्रमाने, नियम मोडला की चांदणी पडते, पण वरचा नियम जो सांभाळतो तो, खालचे कितीही मोडो, जिंकतो. त्याच्या बोलीत, बाईंनी लिहिले होते, मूळ शब्दाशी इमान, त्यात कसलीही भर न घालणे, हा सर्वांत वरचा नियम.

इमान... आई जोडाक्षराच्या मध्ये एक बारीक स्वर सरकवी, दाटीने बसलेल्या दोघांत तिसऱ्याला जागा करून द्यावी तसा. लहानपणी तोही तसाच बोले. “घरी म्हणता तसंच म्हणा हं, दादा,” बाई म्हणाल्या होत्या, आणि माइकच्या काळ्या स्पंजपुढे मी... मी वाचलेल्या पुस्तकांसारखा बोललो. चाळीस शब्द, कडक इस्त्रीचे. बाईंना त्या बोलीचा दुसरा माणूस मिळाला नव्हता. मला बहीण आहे, हे मी सांगितले नाही. ती फोनवर आजही हटकते — “कुणाशी बोलतोयस? मी आहे, तुझे साहेब नव्हेत.”

तिसऱ्या ओळीत आईचा उच्चार होता. बाईंनी केवळ तुलनेसाठी कल्पिलेला. चांदणी, तिच्यापुढे उद्गारचिन्ह : बाद. माझ्या आतल्या रांगेत सर्वांत वर एकच नियम बसलेला — आपले हसू होऊ द्यायचे नाही. त्याच्याखाली, कुठेतरी, आई.

“झालं का, दादा? पाचला प्रबंध घ्यायची खिडकी बंद होते.” बाई दारात उभ्या होत्या; चार वर्षांचा शीण डोळ्यांखाली साचलेला. “आवाज तुमचा, हमाली माझी. पहिल्याच पानावर आभार मानलेत तुमचे, बघितलंत ना?”

त्याने बघितले होते. गठ्ठा त्याने छातीशी धरला; कागद अजून ऊन होते.

“काय हो? काही म्हणायचंय का?”

सांगावे, तर ही चार वर्षे... त्याचे ओठ उघडले. जिभेवर तो बारीक स्वर किती वर्षांनी येऊन टेकला होता, दमलेल्या पाहुण्यासारखा. आणि त्याला उठवून लावण्याचे बळ आज जिभेत नव्हते.