वशिंडातला खडा

तुळजाबाईंनी पदरातली पुडी सोडली आणि रजियाच्या ओट्यावर बैल ठेवला. बैल म्हणजे चार तुकडे आणि मूठभर चुरा.

"गव्हाचं पोतं सरकवलं, ते नेमकं ह्याच्यावर पडलं. परवा माझ्या नीलमचं लगीन. दौंडची मानसं रुखवत बघायला आधी पुढं येत्यात. एका बैलाची गाडी कशी मांडू?"

"मांडू नका. लग्नाच्या सकाळी दुसरा बैल घेऊन जा," रजिया म्हणाली.

शिरूरात मुलीचं लग्न ठरलं, की कार्यालय बघायच्या आधी रजियाभाभीला सांगून ठेवायची पद्धतच पडली होती. हवेवर वाळणाऱ्या मातीची तिची नवरानवरी, सनईवाले, बैलगाडी यांच्याशिवाय रुखवत म्हणजे नुसती भांडी. 'तुमच्यात कुठं असतं रुखवत,' असं कुणी चिडवलं तर ती म्हणे, "म्हणूनच तर तुमचं हौसेनं करते."

पण या वेळी माती संपली होती. पुण्याहून पाकीट येईपर्यंत नीलम सासरी पोचली असती. फुटलेला बैल ऑइलपेंट प्यायलेला. ती माती पुन्हा भिजली नसती.

तुळजाबाईंची नजर फळीवर गेली आणि लगेच खाली आली. फळीवर बिनरंगी मातीची एसटी होती. रजियाच्या नवऱ्याने, डेपोत मेकॅनिक असलेल्या गनीने, गेल्या वर्षी हट्टाने करायला घेतलेली. तीन चाकं झाली आणि पाकीट उघडंच टाकून तो ड्यूटीवर गेला. सगळी माती दगड झाली. रजिया त्याला फाडफाड बोलली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो छातीच्या दुखण्याने गेला. पाकीट तिने टाकून दिलं, एसटी मात्र कुणाला हलवू दिली नाही.

"ऱ्हाऊ द्या भाभी. गनीभाईंची खूण हाय ती. मी टांगा म्हनून मांडते."

"टांग्याला घोडा लागतो, तुळजाबाई."

रजियाने खलबत्ता काढला. पहिल्या घावाआधी हात थांबला. वाईट वाटलं, फार वाटलं. मग तिने घाव घातला.

चाकं फुटली, टप फुटला. भुकटी चाळून तिने कोमट पाण्यात भिजवली, गाळली आणि चक्क्यासारखी फडक्यात टांगून ठेवली. सकाळी थोडा डिंक घालून ती कणकेसारखी मळायला बसली. माती आधी हाताला चिकटली, मग चिरली, मग हळूहळू ऐकायला लागली. ऐकणारच होती. रजियाला तिच्यापुढे कधी हार माहीत नव्हती.

मळताना बोटाला खडा लागला. गाळताना कसा कोण जाणे निसटलेला, न विरघळलेला एसटीचा तुकडा. असा खडा काढून टाकायचा असतो, नाहीतर वाळताना तिथेच तडा जातो. एरवी डोळे मिटूनही तिने तो काढला असता. तिने तो बोटांत फिरवला, बैलाच्या वशिंडात नीट बसवला आणि वरून ओल्या हाताने माती सारखी केली.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात दौंडची माणसं आली. नवरदेवाची आत्या रतनबाई रुखवतापुढे थबकली. नव्या बैलाच्या पाठीवरून तिने बोट फिरवलं. तडा कुठेच नव्हता.

"ह्याचं वशिंड लई भरलंय की."

"व्हय," रजिया म्हणाली. "ओढायला पक्का हाय."

आणि तिने त्याच्या मानेवरचं जू जरासं सरळ केलं.