गेरूखालच्या गांधी

म्हातारी खरं बोलत होती आणि तिचं कोणी मानलं नाही. मी काचेची सिरिंज बोलतेय, परभणीतल्या एका खासगी दवाखान्यातली. रोज उकळत्या पाण्यात पडायचे. अंगावर डाग नाही माझ्या. लाज आहे, ती उकळून जात नाही.

नवी आले तेव्हा लय ताठ होते. एक्स-रेच्या खोलीत माझं काम एकच. शिरेत औषध सोडायचं, म्हणजे मूत्रपिंडं फोटोत पांढरी उमटतात. लेकराला आधी थेंबभर टोचायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, त्याच्याकडं बघायचं. अंगावर काही उठलं तर पुढं टोचायचंच नाही. नुसतं बघायचं. तेवढंच माणसांना होत नाही.

१९८८ साली ताडकळसहून सहा वर्षांची सत्यशीला आली. लघवीतून रक्त जायचं. नांदेडला सोनोग्राफी केली, त्यात एक मूत्रपिंड सुजलेलं दिसलं. का ते कळेना, म्हणून हा फोटो. संगं बाप आश्रुबा आणि त्याची आई तानुबाई.

थेंब टोचला. बाप चहा आणायला गेला. बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या पोरीच्या हातांवर गांधी उठल्या. उघड्या दारातून मला दिसत होत्या. आजी आत आली.

"अवं दादा, लेकराच्या अंगावर गांधी उठायल्या."

कंपाउंडर लिंबाजी फिल्म भरत होता. "पित्त असंल, मावशी. सकाळधरनं उपाशी हाय ना पोरगी."

"येऊन बघा तरी!"

"डॉक्टर तुमी का आमी?"

मग घरी पित्ताला जे करतात ते तिनं केलं. चंचीतून गेरूचा खडा काढला, पाण्यात उगाळला, पोरीच्या दोन्ही हातांना फासला.

"आजे, गार लागायलंय," पोरगी हसली.

डॉक्टर आले. तांबडे हात बघून म्हणाले, "हे काय?"

"गेरू हाय, साहेब. खेड्यातली माणसं."

दोघं हसले. "काही उठलं नाही ना?"

"न्हाई, साहेब."

आजी दारातून ओरडली, "उठल्यात! गेरूखाली हायेत! पुसून बघा की!"

"मावशी, भायेर थांबा."

तांब्याभर पाणी पुरलं असतं. कोणी ओतलं नाही.

मग माझी पाळी. एरवी माझा दट्ट्या मधेच अडायचा, डॉक्टर शिव्या द्यायचे. त्या दिवशी लोण्यातून गेल्यासारखा गेला. एकदा अडले असते! नाही अडले. पोरीचे ओठ सुजले, छाती घरघरायला लागली. धावपळ झाली, दुसरी इंजेक्शनं आली, पण उशिरा. आश्रुबा किटली घेऊन दारात उभा, आणि पोरगी गेली होती.

आता प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्यात. मी कपाटाच्या खालच्या खणात धूळ खाते. माफी मागायला तोंड नाही. औषध विखारी नव्हतं, शेकडो लेकरांना सोसलं. ज्याला सोसत नाही त्याचं अंग सांगतं, त्याच्याजवळ बसलेली बाई सांगते. तिला बाहेर हाकलू नका. एवढंच मागते.

पोरगी गेली त्याच दिवशी दवाखान्यानं कागद केला. डॉक्टरांनी लिहिला, लिंबाजीनं खाली सही केली, आणि आश्रुबाला वाचून दाखवला: मुलीच्या हातांना गेरू फासल्यामुळे लक्षणे झाकली गेली. त्यानं आईकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. जबाबदार म्हणून कागदावर एकच नाव होतं.

तानुबाई.