वॉकिंग स्टिकमधलं वॉकिंग

तेल्हाऱ्याच्या शाळेत प्रियदर्शनी मॅडम अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. अकोल्याच्या व्याकरण स्पर्धेला दहावीतली एकच मुलगी पाठवायची, म्हणून ऑगस्टमध्ये त्यांनी वर्गात चाचणी घेतली. खुशी आणि रागिणी यांच्यात फरक पडला तो एका मार्काचा. ‘वॉकिंग स्टिक’मधलं ‘वॉकिंग’ काय, या प्रश्नाला रागिणीनं लिहिलं होतं, जेरंड, म्हणजे क्रियापदापासून झालेलं नाम. मॅडमनी फुली मारली. नामाच्या आधी आयएनजीचा शब्द आला की तो विशेषणच, म्हणजे पार्टिसिपल, असं त्या दर वर्षी सांगत आल्या होत्या.

रागिणी पेपर घेऊन टेबलाशी आली. “मॅडम, काठी थोडीच चालते? चालासाठी असते ते.”

वर्ग हसला. मॅडमही हसल्या आणि तिला जागेवर बसायला सांगितलं.

अकोल्याला खुशी गेली. पेपर झाल्यावर परीक्षक बाईंनी फळ्यावर लिहिलं : स्लीपिंग चाइल्ड, स्लीपिंग बॅग. मूल स्वतः झोपलंय, म्हणून ते पार्टिसिपल. बॅग झोपत नाही, ती झोपण्यासाठी असते, म्हणून ते जेरंड. मागे बसलेल्या मॅडमना रागिणीची काठी आठवली. खुशीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

रविवारी मॅडम बाजारात गेल्या. रागिणी तिच्या आईजवळ, सुंदराबाईजवळ, भेंडी विकायला बसली होती. तुझं उत्तर बरोबर होतं, मीच चुकले, असं मॅडमनी तिला सांगितलं.

“मले माहीत होतं,” रागिणी म्हणाली.

मग पुन्हा सांगायला का नाही आलीस, असं मॅडमनी विचारलं. ती भेंडीवर पाणी शिंपडू लागली. सुंदराबाई म्हणाल्या, “आता वर्गात काई इचारतच नाई ते. पोरं हासतेत म्हणते.”

मॅडमना भेंडी घ्यावी की तसंच निघावं, तेही सुचेना.

सोमवारी त्यांनी वर्गात सगळं सांगितलं. आपण हसलो होतो, हेही. पण स्पर्धा दहावीपर्यंतच होती. रागिणीला पाठवायची संधी पुन्हा येणार नव्हती. ती मान खाली घालून लिहीत राहिली.

दिवाळीनंतर एकदा तिनं हात वर करून एक शंका विचारली. मॅडमना उत्तर ठाऊक होतं, तरी त्या म्हणाल्या, “थांब, आधी पुस्तकात बघू.”